विमान चालवायचंय? आधी गणित सोडवा!

मुलांनो, ‘मी कोण होणार?’ हा निबंध तुम्ही सगळ्यांनी लिहिला असेलच. आमच्या गोंदियाकडे या निबंधात डॉक्टर आणि पोलिसांच्या जोडीला वैमानिक हमखास असतो. कारणही तसंच आहे. गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ आहे आणि तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे. शिकाऊ विमानं धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालू लागली, की वर्गातली सगळी डोकी खिडकीकडे वळतात. मग मीही खडू खाली ठेवते.

निबंध लिहिणं सोपं, तो खरा करणं अवघड. माझी एक जुनी विद्यार्थिनी १२वीची परीक्षा आटोपून वडिलांबरोबर घरी आली. वडील म्हणाले, “मॅडम, पोरीला पायलट व्हायचं आहे. आधी पदवी घ्यायची, की सरळ विमान शिकायचं? शेत गहाण टाकावं लागेल. तुम्हीच सांगा.”

मी पडले प्राथमिक शाळेची शिक्षिका. विमानात एकदाही बसलेली नाही! पण शेताचा प्रश्न होता. आम्ही तिघांनी माहितीपत्रकं गोळा केली आणि सुट्टीत बसून ओळ न ओळ वाचली. त्यातून जे कळलं, ते तुम्हालाही सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे पदवी वेगळी आणि परवाना वेगळा. पदवी विद्यापीठ देतं. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. परवाना नसेल, तर पदवी कितीही मोठी असो, पगार घेऊन विमान चालवता येत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा विद्यापीठासारख्या ठिकाणी वैमानिकाचं शिक्षण पदवीतच गुंफलेलं असतं. आपल्याकडेही काही उड्डाणसंस्था विद्यापीठाशी जोडून बी.एस्सी. एव्हिएशन ही ३ वर्षांची पदवी देतात. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी विचारायचं, “शेवटी हातात काय पडणार? नुसती पदवी, नुसता परवाना, की दोन्ही?”

या परवान्यासाठी वय १८ पूर्ण हवं आणि २०० तासांचं उड्डाण हवं. त्यातले १०० तास विमानाची सगळी जबाबदारी स्वतःवर घेऊन करायचे. निदान ३०० नॉटिकल मैलांचा एक लांब प्रवासही करावा लागतो. रात्रीचं उड्डाण असतं, नुसत्या उपकरणांकडे बघून केलेलं उड्डाणही असतं. शिवाय लेखी परीक्षा आहेतच. दिशा आणि मार्ग काढण्याचं शास्त्र, हवामान, हवाई वाहतुकीचे नियम, विमानाची यंत्रणा असे विषय. रेडिओवर बोलायचीही परीक्षा असते. आणि बरं का, लेखी परीक्षेत पास व्हायला ७० टक्के लागतात! शाळेतले ३५ तिथे चालत नाहीत.

आता गंमत पाहा. मार्ग काढण्याच्या पुस्तकात मला चक्क आपली नावेची आणि प्रवाहाची गणितं भेटली. नदीऐवजी वारा, एवढाच फरक. ३०० नॉटिकल मैल जायचं आहे. विमानाचा वेग ताशी १०० नॉटिकल मैल. वारा नसेल, तर ३ तास लागतील. समोरून ताशी २० नॉटिकल मैलांचा वारा आला, तर वेग उरला ८०. मग लागतील ३ तास ४५ मिनिटं. ती जादा ४५ मिनिटं इंजिन चालणार कशावर? तेवढं इंधन आधीच भरलेलं हवं. आकाशात पेट्रोल पंप नसतो!

दुसरं उदाहरण कंपासपेटीतल्या कोनमापकाचं. दिशा फक्त १ अंशाने चुकली, तर ६० मैलांवर विमान साधारण १ मैल बाजूला जातं. ३०० मैलांवर ५ मैल. एवढ्याने समोर यायची धावपट्टी भलतीकडेच राहून जाऊ शकते.

उत्तरापुढे एकक लिहिलं नाही, तर मी अर्धा गुण कापते. मुलं कुरकुरतात. त्यांना मी १९८३ची गोष्ट सांगते. २३ जुलैला एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ विमान मॉन्ट्रिअलहून एडमंटनला निघालं होतं. इंधन दाखवणारं यंत्र बंद होतं, म्हणून इंधन मोजून हिशेब केला गेला. कॅनडात तेव्हा पौंड जाऊन किलोग्रॅम येत होते. लिटरचे किलोग्रॅम करताना ०.८ने गुणायचं, तिथे पौंडासाठीचा १.७७ हा आकडा वापरला गेला. इंधन निम्म्याहूनही कमी भरलं गेलं आणि भर आकाशात इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पीअरसन यांना बिनइंजिनाचं ग्लायडर उडवायची सवय होती. त्यांनी ते भलंमोठं विमान तरंगत तरंगत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले. ही गोष्ट ऐकल्यावर एककाबद्दल कुणी कुरकुरत नाही.

हे सारं वाचून त्या मुलीचे डोळे चमकत होते. वडील मात्र खर्चाच्या पानावर थांबले होते. परवान्यापर्यंतचा खर्च लाखोंच्या घरात जातो. पुढे मोठं प्रवासी विमान चालवायचं, तर त्या जातीच्या विमानाचं शिक्षण निराळं आणि त्याचे पैसेही निराळे. परवाना मिळाला की नोकरी मिळालीच, असंही नाही.

मग आम्ही क्रम ठरवला. सगळ्यात आधी वैद्यकीय तपासणी. डोळे, कान, हृदय ठीक आहेत ना, हे पैसे भरायच्या आधी कळायला हवं. चष्मा असला म्हणून लगेच निराश व्हायचं कारण नाही, पण निर्णय नेमलेल्या डॉक्टरांचा. त्यानंतर उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीची प्रवेश परीक्षा. सोबत कर्ज आणि शिष्यवृत्तीची चौकशी. आणि तोवर साध्या महाविद्यालयात बी.एस्सी. चालू. शेताचा निर्णय सगळ्यात शेवटी. तपासणीत ती उत्तीर्ण झाली आहे. आता परीक्षेची तयारी करते आहे. पुढचं अजून ठरायचं आहे.

पालकांनो, मुलीच्या तोंडून ‘पायलट’ हा शब्द आला, तर हसून सोडून देऊ नका. सरला ठकराल यांनी १९३६ साली, वयाच्या २१व्या वर्षी, लाहोरला साडी नेसून विमान उडवलं होतं. पण नुसत्या कौतुकाने भुलून कुठे सहीही करू नका. कागद वाचा, प्रश्न विचारा.

आणि मुलांनो, तुमचं काम तर आजच सुरू होतं. शाब्दिक गणितं टाळू नका. कोन नीट मोजा. उत्तर आलं की एकदा पडताळा घ्या. आणि हो, एकक लिहायला विसरू नका!