पेड कुठून गेला?

कोविडच्या लशींमुळे आरएनए हा शब्द घरोघरी पोचला, पण निरोप्या म्हणून. डीएनएमधला मजकूर घ्यायचा, प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेपर्यंत न्यायचा, संपलं काम. मी ज्या आरएनएंचा अभ्यास करते ते निरोप पोचवत नाहीत. ते आकार घेतात आणि त्या आकाराच्या बळावर काम करतात.

ए, यू, जी, सी या चार घटकांची ही एकपदरी साखळी मोकळी राहतच नाही. ए यूशी जोडी जमवतो, जी सीशी, कधी जी यूशीही. साखळी स्वतःवर वळते, छोटे दुपदरी दांडे तयार होतात. हे झटपट होतं. अवघड काम त्यानंतरचं. दांडे एकमेकांजवळ येऊन बसायला हवेत आणि कण्यावरचा ऋण प्रभार त्यांना दूर लोटत असतो. मॅग्नेशियमचे आयन तो प्रभार शमवतात, तेव्हा कुठे त्रिमितीय आकार उभा राहतो. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये एका टी-आरएनएचा क्रम वाचला, तेव्हा जोड्या मांडून कागदावर तीन पानांची आकृती मिळाली. जवळपास दशकभरानं स्फटिकांवरच्या क्ष-किरणांनी दाखवलं की टी-आरएनए प्रत्यक्षात इंग्रजी एल अक्षरासारखा काटकोनात वळलेला असतो.

माझ्या क्षेत्राला ज्या रेणूनं सर्वाधिक शिकवलं तो टेट्राहायमेना या डबक्यातल्या एकपेशीय जिवाचा. कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये थॉमस चेक यांच्या गटाला १९८२ मध्ये आढळलं की याच्या आरएनएमधला चारशेच्या आसपास घटकांचा एक तुकडा स्वतःला कापून बाहेर काढतो आणि उरलेली टोकं जोडतो, तेही कोणत्याही प्रथिनाशिवाय. शंकेला जागा राहू नये म्हणून त्यांनी टेट्राहायमेनाची पेशी न वापरता तोच आरएनए नळीत बनवला. तरी तो तुटला आणि जुळला. या शोधासाठी त्यांना सिडनी ऑल्टमन यांच्यासह १९८९ चं नोबेल मिळालं.

याच तुकड्यापासून बनवलेलं विकर शुद्ध करून मॅग्नेशियमच्या द्रावणात दुमडू दिलं, की बहुसंख्य रेणू निष्क्रिय आकारात अडकतात. खोलीच्या तापमानाला ते तासन्‌तास तसेच राहतात. मॅग्नेशियम वाढवलं तर सुटका आणखी लांबते, कारण तो चुकीचा आकारही अधिक घट्ट होतो. उलट थोडा युरिया घातला, म्हणजे घडी सैल करणारं रसायन, तर रेणू लवकर सुधारतात. बरोबर बसण्याआधी त्यांना आधी बरंचसं उलगडावं लागतं.

चूक नेमकी कुठे होती? इथे आमची नेहमीची साधनं थिटी पडली. डायमिथाइल सल्फेट मोकळ्या ए आणि सीला चिकटतं. २००५ नंतर रुळलेल्या शेप पद्धतीतली रसायनं साखळीच्या लवचीक जागांवरच्या शर्करेला चिकटतात. चिकटलेली जागा नक्कल करणाऱ्या विकराला अडवते, त्यावरून मोकळं कोण, बांधलेलं कोण हे कळतं. या रेणूच्या चांगल्या आणि बिघडलेल्या रूपांचे असे ठसे जवळजवळ एकसारखे आले. जोड्या त्याच, दांडे तेच, त्रिमितीय गाठीभेटीही त्याच. टेक्सासमधल्या रिक रसेल यांच्या गटानं २००६ मध्ये तर्क मांडला की फरक साखळीच्या मार्गात असावा. वेणी घालताना एखादा पेड वरून जायचा तो खालून जावा, आणि वेणी बाहेरून तशीच दिसावी, तसं. अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं २०२२ मध्ये ते प्रत्यक्ष दाखवलं: गाभ्यातले दोन एकपदरी धागे एकमेकांना चुकीच्या बाजूनं ओलांडत होते.

म्हणूनच जोड्यांचा नकाशा हाती आला की रचना कळली, हे मला मान्य नाही. मायकेल झुकर यांच्या १९८१ च्या पद्धतीपासून संगणक असे नकाशे काढत आले आहेत. छोटे दुपदरी तुकडे तापवून, ते कधी सुटतात हे अतिनील प्रकाशात मोजून मिळवलेल्या ऊर्जेच्या आकड्यांवर ते उभे असतात. ते आकडे अतिशय कष्टानं मिळवलेले आहेत आणि मी ते रोज वापरते. पण इथे जिवंत आणि निकामी रेणूला तो नकाशा एकच ठरतो.

पेशीत हे कसं निभावतं? न्यूरोस्पोरा बुरशीतलं सीवायटी-१९ हे प्रथिन एटीपी खर्चून आरएनए सैल करतं. बरोबर आकार ओळखण्याची त्याला गरज पडत नाही. ते दोन्ही रूपं उलगडू शकतं. कमी स्थिर असलेलं बिघडलेलं रूप अधिक सहज सुटतं आणि त्याला पुन्हा दुमडायची संधी मिळते.

नळीतल्या किती रेणूंची घडी बरोबर पडली हे मोजायला आम्ही अजूनही त्यांना कामालाच लावतो. कापण्यासाठी आरएनएचा एक छोटा तुकडा देतो, ठरावीक क्षणी प्रक्रिया थांबवतो आणि जेलवर पाहतो, किती तुकडे झटकन कापले गेले. जेवढे कापले गेले, तेवढे रेणू नीट दुमडलेले.