रिकाम्या गाडीचे दणके

पुणे

चिरंजीव भाच्यास,

ग्वाल्हेरहून आलेल्या पत्रातला प्रश्न असा आहे की, जुनी पिकअप माल भरलेला असताना बरी चालते, पण मोरेन्याला माल उतरवून रिकामी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात परतताना प्रत्येक खड्ड्यावर मागून आपटते. तेव्हा मागच्या पाट्यांतला एखादा पाटा काढून टाकावा काय. या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे आणि त्यामागचे कारण समजून घेतल्याखेरीज गाडीवर एक रुपयाही खर्च करणे योग्य नव्हे.

पिकअपचा मागचा आस ज्यांवर तोललेला असतो, ते पाटे म्हणजे लांबीने उतरत जाणाऱ्या, मध्ये सेंटर बोल्टने एकत्र धरलेल्या पोलादी पट्ट्या होत. स्प्रिंगवर ठेवलेली कोणतीही वस्तू धक्का बसल्यावर आपल्या ठरावीक गतीने वरखाली होते, आणि दर सेकंदाला होणाऱ्या अशा हेलकाव्यांच्या संख्येला तिची नैसर्गिक वारंवारता म्हणतात. वजनाने स्प्रिंग जितके मिलिमीटर दबते, त्या आकड्याच्या वर्गमुळाने साधारण 15.8 ला भागले की ही वारंवारता मिळते. उदाहरणादाखल, एका बाजूच्या पाट्यांना एक मिलिमीटर दाबायला 10 किलो वजन लागते असे धरले, तर रिकाम्या गाडीचे 250 किलो त्यांना 25 मिलिमीटर दाबतील आणि वारंवारता सेकंदाला तीनच्या वर जाईल. त्याच पाट्यांवर मालासकट 750 किलो आले की ती दोनच्याही खाली उतरेल. प्रवासी मोटारीत ती साधारणपणे एक ते दीडच्या दरम्यान ठेवलेली असते, आणि माणसाच्या शरीराला उभ्या दिशेने सर्वाधिक त्रास होतो तो चार ते आठ या पट्ट्यात. भरलेली पिकअप सुखाने चालते आणि रिकामी त्रास देते, याचा अर्थ गाडी सदोष आहे असा होत नाही. ती मालासाठी घडवलेली आहे, एवढाच तो होतो.

जुनी गाडी नव्यापेक्षा अधिक आपटते, याचे कारण मात्र निराळे आहे, आणि ते बहुतेक वेळा पाट्यांच्या जाडीत नसून त्यांच्यामधल्या गंजात असते. पाटे वाकताना एकमेकांवर घसरतात. ही घसरण मोकळी असेल तरच ते स्प्रिंगचे काम करतात. पावसाळ्यात फटींत शिरलेले पाणी आणि उन्हाळ्यात लू या गरम वाऱ्याबरोबर येणारी बारीक धूळ यांची पुटे बसून ते एकमेकांना चिकटले, की लहान धक्क्याला घर्षणावर मात करता येत नाही आणि पाट्यांची सगळी चळत एका जाड तुळईसारखी ताठ राहते. अशा वेळी आस आणि चासी यांच्यामध्ये लवण्याजोगे काही उरत नाही, केवळ टायर तेवढा दबतो, आणि गाडीची डोल वर सांगितलेल्या त्रासदायक पट्ट्याकडेच सरकते. यावर एक पाटा काढणे हा उपाय होऊ शकत नाही, कारण उरलेले पाटे चिकटलेलेच राहतात, आणि पुढच्या फेरीला पूर्ण माल भरला की पाट्यांची कमान बसून आस थेट रबरी ठोकळ्यावर, म्हणजे बम्प स्टॉपवर, आदळू लागतो.

म्हणून पाटे उतरवून घ्यावेत. सेंटर बोल्ट सोडण्यापूर्वी चळत शिकंज्यात किंवा क्लॅम्पमध्ये घट्ट धरणे अत्यावश्यक आहे, कारण प्रत्येक पाट्याचा बाक वेगवेगळा ठेवून त्यांना ताणातच एकत्र बांधलेले असते आणि बोल्ट सुटताच ते उसळून हात जायबंदी करू शकतात. प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने लख्ख करावा. टोकापाशी, जिथे वरच्या पाट्यावर खालच्याचे टोक घासते, तिथे खड्डा पडलेला दिसेल; अशा खड्ड्याच्या कडेने केसासारखी चीर गेली असेल, तर तो पाटा वेल्डिंग करून वापरू नये, बदलावाच, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते. टोकांमध्ये नायलॉनच्या पातळ चकत्या बसवणे किंवा ग्रॅफाइटचा कोरडा थर देणे हे चंबळच्या धुळीत साध्या ग्रीसपेक्षा श्रेयस्कर ठरते. ग्रीसला चिकटलेली धूळ काही दिवसांतच सँडपेपरचे काम करते.

पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश आणि लांबी बदलू देणारी झुलती कडी, म्हणजे शॅकल, यांच्याकडे गॅरेजमध्ये सर्वांत कमी लक्ष जाते, आणि याचे वाईट वाटते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या शहरात रबर लवकर कडक होते, त्यामुळे बुश नवे घालणे रास्त. परंतु त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर असतानाच आवळले, तर चाके जमिनीवर आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो, तो स्वतःच जादा स्प्रिंगसारखा अडून राहतो आणि नवे बुश अल्पावधीत फाटतात. गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावरच ते शेवटचे आवळावेत, एवढे मिस्त्रीला आवर्जून सांगावे. यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असल्याने पुन्हा वापरू नयेत, आणि नवे काही दिवस चालल्यावर तपासून पुन्हा आवळावेत.

आधीच्या मालकाने जाड हेल्पर पाटा घातलेला असेल, तर मात्र तो काढणे योग्यच. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढत असल्याने 7 ऐवजी 8 मिलिमीटरची पट्टी जवळजवळ दीडपट कडक होते. शिवाय असा पाटा ज्या जादा मालासाठी घातला जातो, त्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. कमानच बसलेली असेल, तर भट्टीत तापवून बाक देण्यापेक्षा नवे पाटे घ्यावेत. भिंड रस्त्यावर मालनपूरला जमना ऑटोचा पाट्यांचाच कारखाना असल्याने या मालाचा व्यवहार त्या भागाला नवखा नाही. मधून टोकाकडे निमुळते होत जाणारे, संख्येने कमी आणि केवळ मध्यावर व टोकांशी एकमेकांना टेकणारे पॅराबोलिक पाटे घर्षण पुष्कळच घटवतात. मात्र त्या गाडीसाठी, तेवढ्याच भारक्षमतेचे आणि कंपनीने मान्य केलेले मिळत असतील तरच त्यांचा विचार करावा.

शॉकॲब्सॉर्बर वजन पेलत नाही. आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून तो हेलकावा शमवतो. तेल गळत असेल तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, आणि ‘हेवी ड्यूटी’ या नावाला भुलून कडक घेऊ नयेत, कारण रिकाम्या गाडीत ते दणका उलट वाढवतात.

टायरमधील हवेचा प्रश्न यात सर्वांत स्वस्त असून तो पाटे उतरवण्याआधीच सोडवून पाहावा. मागची हवा पूर्ण भारासाठीची ठेवून रिकामी गाडी पळवली जाते. कंपनीने रिकाम्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल, तर रिकाम्या फेऱ्यांना टायर थंड असताना तेवढी हवा ठेवावी. त्याखाली मात्र उतरू नये, विशेषतः मे महिन्यात, आणि माल भरण्यापूर्वी हवा पुन्हा पूर्ववत करावी.

पाटे उतरवल्यावर टोकांची जाडी मोजून कळवावी, म्हणजे नवे घ्यावेत की नाही ते ठरवता येईल.

कळावे,
मामा