धुण्याची खोली आणि पाच सेंटिमीटर पाणी



मागच्या दारची जुनी मोरी काढून तिथे धुण्याची खोली करायचं ठरलं, आणि घरात पहिली चर्चा झाली ती फरशीच्या रंगावर! रंग काय, शेवटच्या दिवशीही ठरतो. आधी ठरवायचं ते पाणी जाणार कुठून आणि त्या पाइपात हवा येणार कुठून. फरशी बसली की हे दोन्ही डोळ्याआड जातं आणि मग फोडाफोडीशिवाय हात लावता येत नाही.

हाताने धुतो तेव्हा आपण पाणी थोडं थोडं सोडतो. मशीनचा पंप टबभर पाणी एका दमात फेकतो. त्यासाठी भिंतीत ५० मिमीचा उभा पाइप घ्यायचा आणि मशीनची नळी त्यात वरून सोडायची. त्याचं तोंड जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंच असावं. नेमकी उंची आपल्या मशीनच्या पुस्तिकेत पाहा. तोंड फार खाली असेल तर मशीन भरत असतानाच पाणी आपोआप वाहून जातं. नळीभोवतीची फट सिमेंटने किंवा चिकटपट्टीने बुजवू नका, हवा जाऊ द्या. पुढचा आडवा पाइप ७५ मिमीचा, आणि मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार. आमच्या घरी चेंबरपर्यंत चार मीटर अंतर आहे, म्हणजे शेवटाला १० सेंटिमीटर खाली जायला हवं. हा हिशेब गवंडी येण्याआधी कागदावर असावा.

आता ट्रॅप. न्हाणी ट्रॅप काय किंवा उभ्या पाइपाखालचा वाकडा तुकडा काय, दोन्हींत पाचएक सेंटिमीटर पाणी कायम उभं राहतं. त्या पाण्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत.

हे समजावून सांगितल्यावर सासूबाई थबकल्याच. "म्हणजे चोवीस तास पाणी साठवून ठेवायचं? अगं, गाळलेलं पाणीसुद्धा मुहूर्तभरानंतर पुन्हा गाळतो आपण, आणि तू मुद्दाम डबकं बांधतेस?"

प्रश्न खरा होता. हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ४८ मिनिटांची मर्यादा आयुष्यभर पाळलेल्या बाईला ट्रॅपमधलं पाणी खुपणारच. मी दोन दिवस त्यावर विचार केला. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाला संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य आहे. घरकामातली आरंभी हिंसा मात्र सुटत नाही, ती जपून, कमीत कमी करायची. ट्रॅपमधलं पाणी आरंभात येतं, आणि प्रत्येक धुण्याला ते बदलतं. ट्रॅप नसेल तर झुरळं येतात, आणि झुरळं आली की आज ना उद्या घरात कोणीतरी फवाऱ्याचा डबा आणतो. तो फवारा काही आरंभी नव्हे, ठरवून मारणं आहे. हे ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग ते पाणी आटू देऊ नकोस म्हणजे झालं."

आणि खरी मेख तीच आहे. आटतं दोन तऱ्हांनी. एक, कोरेगावच्या एप्रिल-मेच्या उन्हात न वापरलेला ट्रॅप आपोआप कोरडा पडतो. म्हणून हात धुवायच्या बेसिनचं पाणी त्याच न्हाणी ट्रॅपमधून नेलं तर तो रोज भरतो. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सने ३०० हून जास्त लोक आजारी पडले. चौकशीत जी कारणं पुढे आली, त्यांत न्हाणीघरातले कोरडे पडलेले ट्रॅपही होते. पंखा लावला की सांडपाण्याच्या पाइपातली हवा घरात ओढली जायची.

दुसरी तऱ्हा व्हेंट नसल्याची. मशीनचं पाणी पाइप भरून धावतं तेव्हा मागची हवा ओढतं, आणि हवा मिळाली नाही तर ट्रॅपमधलं पाणीच ओढून नेतं. शेवटची गुडगुड ऐकू येते ना, ती तीच. आमचे प्लंबर म्हणाले, "वहिनी, तळमजल्याला कशाला व्हेंट? कोणीच करत नाही." करत नाहीत म्हणूनच घरोघरी मोरीच्या जाळीवर पालथी ताटली असते! ट्रॅपच्या जरा पुढून ५० मिमीचा पाइप वर काढायचा, भिंतीलगत गच्चीच्या वर न्यायचा, एवढंच काम. मशीनच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

पाणी शेवटी कुठे? सेप्टिक टँकमध्ये नको, साबणाच्या लोंढ्याने तिथलं कुजण्याचं काम बिघडतं. आळीतल्या उघड्या गटारातही नको. साचलं की डासांच्या अळ्या, म्हणजे पुन्हा फवारणी. आम्ही परसात शोषखड्डा घेतोय, बोअरपासून लांब, आणि त्याआधी धागे व साबणाचा गाळ बसायला छोटी टाकी. नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव घरोघरच्या शोषखड्ड्यांनीच डासमुक्त म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

सोवळ्याचे कपडे सासूबाई हातानेच धुणार, त्यामुळे धुण्याचा दगड राहतोय. त्याचा उतार ट्रॅपकडे घेतलाय, म्हणजे फरशीवर ओल साचून शेवाळ धरायला नको. जिवाणी मात्र या पाइपात कधीच नाही, ते वेगळं काम आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहीन.

व्हेंटच्या तोंडाला टोपी आणि बारीक जाळी बसवा, नाहीतर त्यात चिमण्या अडकतात. आणि गच्चीवर पापड वाळवायच्या जागेपासून ते तोंड लांब घ्यायला गवंड्याला आधीच सांगा. नंतर कोणी ऐकत नाही.