थोरला जिताडा खाडीतच शोभतो

मला गळाचा नाद आहे. कांदिवलीला चारकोपच्या पलीकडे मनोरीची खाडी आहे, तिथं सुट्टीला बसतो. जिताडा हा खाडीतला शिकारी मासा. पाणी गार झालं की तो सुस्तावतो, खाणं कमी करतो. म्हणून थंडीआधी गळवाल्यांची घाई असते. थोरला जिताडा लागला की कोण आनंद!

पण ध्यानात घ्या, जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी वाढून मादी होतो. म्हणजे सर्वांत थोरला मासा बहुधा मादीच, पावसाळ्यात लाखो अंडी घालणारी. पेण-अलिबागकडे तळ्यांत जिताडा पाळतात, तोही पूर्वापार खाडीतल्या पिल्लांवरच. बियाण्याची कणसं आपण दळायला नेत नाही. तसंच मधला मासा कालवणाला न्या; थोरली हलक्या हातानं पाण्यात सोडा.