म्हाताऱ्या बैलाचा कायदा

बकरी ईद पंधरा दिवसांवर आली की आमच्या मोहल्ल्यातल्या मोबाइलवर दोन तऱ्हेचे निरोप फिरू लागतात. एकात लिहिलेले असते, घाबरू नका, काही होत नाही. दुसऱ्यात लिहिलेले असते, सांभाळून राहा, दिवस वाईट आहेत. कायदा नेमका काय आहे, हे दोन्हींत नसते. ईद पार पडली की निरोप थांबतात आणि विषय पुढच्या वर्षापर्यंत झाकून ठेवला जातो. पण हा विषय बारा महिन्यांचा आहे आणि तो एकट्या मुसलमानांचा नाही. हे आम्हाला कुणा वकिलाने सांगितले नाही, तळीयेच्या गोठ्यांनी सांगितले.

तळीये हे महाड तालुक्यातले डोंगराच्या कुशीतले गाव. २२ जुलै २०२१ रोजी तिथे दरड कोसळली, कोंढाळकरवाडी गाडली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात सावित्रीचे पाणी महाड शहरातल्या घराघरांत शिरले होते. तेव्हापासून तळीये हे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. आमचे तिकडे जाणे-येणे मात्र जुने, शाळेच्या कामामुळे आणि मुलांच्या पालकांमुळे. या भागातली शेती भाताची, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. खाचरे एवढी लहान आणि एकाखाली एक अशी, की ट्रॅक्टर वळवायलाही जागा नाही. अलीकडे कुणी कुणी पॉवर टिलर घेतला आहे. बाकीच्यांचा नांगर बैलच ओढतात.

तिथल्या एका शेतकऱ्याला आम्ही आबा म्हणतो. त्यांच्या जोडीतला एक बैल थकला, नांगराला उभा राहीना. आम्ही विचारले, “आबा, आता काय करणार?” ते म्हणाले, “करनार काय गुरुजी? इकायचा तर घेनारा न्हाई. सडकेला सोडायचा तर ज्यानं आमाला भात खायाला घातला त्याला कसा सोडू?” आबा दिवाळीच्या पाडव्याला बैलांना रंगवून ओवाळणारे. त्यांना बैल मारलेला आवडेल असे मुळीच नाही. पण पूर्वी थकलेला बैल बाजारात नेला की चार पैसे हाती येत, त्यात भर घालून नवा घेता येई. विकलेला बैल पुढे कुठे जातो हे ते विचारत नसत आणि घेणाराही सांगत नसे. आता जुना बैल गोठ्यात पेंढा खात उभा आहे आणि नव्यासाठी कर्ज काढावे लागणार आहे.

हे असे का झाले, याची गोष्ट आपल्या घरांत नीट माहीत नसते, म्हणून ती सांगतो.

महाराष्ट्राचा प्राणी संरक्षण कायदा १९७६ चा. त्याने गाईच्या आणि वासरांच्या कत्तलीवर बंदी घातली. वळू आणि बैल मात्र कामाचे किंवा पैदाशीचे राहिले नाहीत, असे प्रमाणपत्र मिळाल्यास कापता येत. त्या काळी या मागणीमागे उभे असलेले सर्वांत मोठे नाव होते विनोबा भावे यांचे, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या माणसाचे. १९७६ साली त्यांनी गोहत्याबंदीसाठी उपोषणाची घोषणा केली होती आणि १९७९ मध्ये ते प्रत्यक्ष उपोषणाला बसले. याच विनोबांनी अरबी शिकून कुरआनचा अभ्यास केला होता आणि त्यातल्या निवडक आयतींचे संकलन काढले होते. म्हणून ही मागणी करणारा प्रत्येक जण आपला वैरी, असे समजणे चूक ठरेल. विनोबांच्या अनुयायांनी ११ जानेवारी १९८२ पासून मुंबईत देवनार कत्तलखान्यापाशी सत्याग्रह सुरू केला. बैलही वाचले पाहिजेत, ही त्यांची मागणी. तो सत्याग्रह तीन दशके चालला.

पुढे हा प्रश्न राजकीय पक्षांनी उचलला. १९९५ साली शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले आणि विधिमंडळाने वळू व बैल यांच्याही कत्तलीवर बंदी घालणारी दुरुस्ती मंजूर केली. विधेयक राष्ट्रपतींकडे गेले आणि तिथे सुमारे एकोणीस वर्षे पडून राहिले. सरकारे बदलली, मागणी करणारे थांबले नाहीत. २०१५ च्या सुरुवातीला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मार्चमध्ये कायदा लागू झाला. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा ठरली. म्हशी आणि रेडे या बंदीत नाहीत, त्यांच्यासाठी प्रमाणपत्राची वाट अजून आहे.

कायद्याविरुद्ध लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले. ६ मे २०१६ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती एस. सी. गुप्ते यांनी निकाल दिला. कत्तलीवरची बंदी त्यांनी कायम ठेवली. मात्र परराज्यात कायदेशीर रीतीने कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम त्यांनी रद्द केले, कारण ते माणसाच्या खाजगी आयुष्यात शिरत होते. निर्दोष असल्याचे आरोपीनेच सिद्ध करावे, हे कलमही रद्द झाले. या निकालाचा हा दुसरा भाग आपल्या किती घरांना ठाऊक आहे? आम्ही आमच्या जमातीत विचारले, तर बहुतेकांना पहिलाच भाग माहीत होता.

सर्वोच्च न्यायालयातही हा वाद जुना आहे. १९५८ साली बिहारच्या कुरेशींच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी सांगितले, की गाईवरची संपूर्ण बंदी योग्य, पण निकामी झालेल्या बैलांवरही बंदी घालणे वाजवी नाही. बकरी ईदला गाईचीच कुर्बानी बंधनकारक असल्याचे सिद्ध होत नाही, असेही त्यांनी नोंदवले. आपल्याकडेही एका माणसामागे एक बकरा, किंवा मोठ्या जनावरात सात हिस्से, असा पर्याय आहेच. २००५ मध्ये गुजरातच्या खटल्यात सात न्यायमूर्तींपैकी सहा जणांनी बैलांबाबतचे जुने मत बदलले. म्हातारा बैलही शेण आणि मूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी म्हणता येत नाही, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. न्यायमूर्ती ए. के. माथुर एकटे वेगळ्या मताचे राहिले.

शेणाचा मुद्दा आम्ही आबांना सांगितला. ते नुसते हसले. शेण पाहिजेच, शेताला लागतेच, पण शेण विकून नवा बैल येतो का, एवढेच त्यांनी विचारले.

या सगळ्या वादात आम्हाला सर्वांत सरळ बोलणे सापडले ते घटना समितीच्या चर्चेत. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी पंडित ठाकुरदास भार्गव यांनी गोरक्षणाची दुरुस्ती मांडली. तीच पुढे घटनेचे ४८ वे कलम झाली. त्या वेळी संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी आणि आसामचे सय्यद मुहंमद सादुल्ला हे दोन मुसलमान सदस्य बोलले. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: तुम्हाला ही बंदी धर्मभावनेसाठी हवी असेल तर तसे उघड म्हणा, आम्ही आडवे येणार नाही. पण आर्थिक कारणाची आडवाट धरू नका, कारण शेतीच्या हिशेबात ते कारण टिकत नाही. त्यांनी भांडण केले नाही आणि मानही खाली घातली नाही. आपली जागा कुठे आहे ते स्पष्ट कळावे, एवढेच मागितले. तसे स्पष्ट बोलणे तेव्हा झाले नाही, आणि त्याचा भुर्दंड आज आबांचा गोठा भरतो आहे.

तो भुर्दंड आपल्या घरांनीही भरला आहे. आमच्या नात्यातला एक तरुण म्हशी-रेड्यांच्या खरेदी-विक्रीत होता. कागद जवळ असूनही वाटेत काही लोकांनी त्याचा टेम्पो अडवला. जनावरे उतरवली गेली, टेम्पो कित्येक महिने पडून राहिला, हप्ते थकले. आता तो दुसऱ्याची गाडी चालवतो. त्याच्या अम्मीला तो रात्री घरी येईपर्यंत झोप लागत नाही, धंदा सुटला तरी सवय सुटलेली नाही. अशी भीती किती घरांत आहे, हे कुठल्याही विधेयकाच्या मसुद्यात लिहिलेले नसते.

२०२५ च्या जुलैमध्ये राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच थांबवली. घोषणा नाहीत, दगड नाही, फक्त बाजारात जायचे नाही. आठवडे बाजारांत जनावरे तशीच उभी राहिली आणि ओरड सुरू झाली ती शेतकऱ्यांची. सत्ताधारी आघाडीतले शेतकरी नेते सदाभाऊ खोत यांनीही गोरक्षकांच्या वागण्यावर जाहीर टीका केली. गाड्या तपासण्याचे काम पोलिसांचे, खाजगी माणसांचे नव्हे, असे तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सांगितले. त्या महिन्यात पहिल्यांदा कुरेशी आणि शेतकरी एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, हे लोकांना दिसले.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणेही खोटे होईल. २०२३ मध्ये गोसेवा आयोगाचा कायदा झाला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित करण्यात आले आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज पन्नास रुपये अनुदान ठरले. पण हे पैसे गोशाळेला आणि गाईसाठी. आबांनी आपला म्हातारा बैल आपल्याच गोठ्यात ठेवला, सडकेला सोडला नाही, म्हणजे कायद्याला जे हवे तेच केले. त्यांना या पन्नासातले काही मिळत नाही. श्रद्धा सगळ्या समाजाची असेल तर वैरणीचा खर्चही सगळ्या समाजाने उचलावा, ही मागणी हिंदू शेतकऱ्याच्या हिताची आहे. ती मांडताना आपण त्याच्या शेजारी उभे राहिलो, तर आपल्या तोंडून ती विचित्र वाटणार नाही.

आमच्या वर्गात मुले विचारतात, कायदा कोण करतो? आम्ही पुस्तकातले उत्तर देतो, विधिमंडळ करते. पण बैलाच्या कायद्याची गोष्ट पाहिली तर दिसते, की कायदा तो करतो जो जास्त काळ बसून राहतो. देवनारला तीन दशके बसलेल्यांचे म्हणणे आपल्याला पटो न पटो, त्यांची चिकाटी घेण्यासारखी आहे. आपण सब्र हा शब्द रोज वापरतो आणि त्याचा अर्थ गप्प बसणे असा करतो. तीस वर्षे रोज आपले म्हणणे कायद्यात राहून, शिवी न देता, कुणावर हात न उचलता मांडत राहणे यालाही सब्रच म्हणतात.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. प्रत्येक जमातीत या कायद्याची मराठी प्रत असावी आणि इमाम साहेबांनी किंवा एखाद्या शिक्षकाने ईदच्या दोन महिने आधी, शांत वेळी, ती समजावून सांगावी. कायदा जे मना करतो ते करू नये, चोरून तर मुळीच नाही. चोरून केलेल्या गोष्टीत ईदची बरकत कुठून येणार? जे मना नाही त्याची कागदपत्रे पूर्ण ठेवावीत. ग्रामसभेत वैरण, गुरांचा दवाखाना, म्हाताऱ्या जनावरांच्या सोयीचा विषय निघाला तर आपणही हात वर करावा. आमदारांकडे जाताना एकटे जाऊ नये, गावातल्या शेतकऱ्याला बरोबर घ्यावे. आणि विधिमंडळात एखादे विधेयक आले, की ते मंजूर होण्याआधी वाचावे, नंतर रडू नये.

या पावसाळ्यात आबांनी शेजाऱ्याचा एक बैल पैरा करून घेतला आणि लावणी कशीबशी उरकली. म्हातारा बैल अजून गोठ्यात आहे. वैरण महाग आहे, तरी आबांच्या घरचे त्याच्यापुढे सकाळ-संध्याकाळ पेंढ्याची मूठ टाकतात. पुढच्या वर्षी काय, हे त्यांना माहीत नाही. ते विचारण्याचा हक्क त्यांना आहे, तसाच आपल्यालाही आहे, आणि दोघांनी मिळून विचारले तर उत्तर द्यावेच लागेल.