कात्री मोठ्या बॅगेत

हजचा कुर्रा निघाला, पैसे भरून झाले, लशी टोचून झाल्या की आमच्या मोहल्ल्यातल्या बॅगा माझ्या घरी यायला लागतात. मी काही हजची ट्रेनर नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. पण बी.एड. केलेले आहे, इंग्रजी सूचना वाचता येतात, आणि मोहल्ल्याच्या मते शिक्षिकेला फुरसतच फुरसत असते. त्यामुळे शिबिरात सांगितलेल्या गोष्टींची उजळणी माझ्या ओसरीवर होते. एहरामचे कापड, चपला, औषधे यांवर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो कात्रीवर.

कात्री का लागते हे तुम्हाला सांगायला नको. उमरा झाला की पुरुषांनी डोके मुंडवायचे किंवा केस कमी करायचे, बायकांनी बोटाच्या पेराएवढे केस कापायचे. त्याशिवाय एहरामची बंधने सुटत नाहीत. इथून एहराम बांधून निघालेली बाई जेद्दाला उतरते आणि बसने मक्केला जाते. तिची मोठी बॅग विमानाच्या पोटातून निघून मागून येते आणि इमारतीच्या तळमजल्यावर ढिगात पडते. ती सापडेपर्यंत काफिला उमऱ्याला निघालेला असतो. म्हणून प्रत्येकीला वाटते, कात्री हाताशी हवी, पर्समध्येच हवी. आणि पर्समधली कात्री इथल्याच विमानतळावर तपासणीच्या टेबलावर राहून जाते.

मी सांगते, घाई कशाला? मरवाबाहेर हजामतीची दुकाने आहेत, पुरुषांचा प्रश्नच नाही. बायकांनी हरमच्या हद्दीतच, खोलीवर परतून, बॅग उघडून केस कापले तरी चालते. तोवर एहरामचे नियम पाळायचे, एवढेच.

हे सगळ्यांना पटते. फूफीला पटले नाही.

फूफी शिवणकाम करते. फूफा गेल्यावर तिने तीन मुले मशीनवर वाढवली. तिची कात्री मेरठची आहे, दहा इंची, पितळी मुठीची. मेरठच्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जुन्या गाड्यांच्या भंगार पोलादातून तिची पाती बनतात आणि बोथट झाली की पुन्हा धार लावता येते. आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी, अशी तिची ख्याती. फूफीचे म्हणणे एकच, "इस कैंची ने मेरे कू खिलाया. बाल इसीसे कटेंगे." आणि ती पर्समध्येच हवी. मी नको म्हटले तर उसळून म्हणाली, "काय कू नको? मैं क्या विमान काटनेवाली है?"

आम्ही हसलो. तिचा मोठा मुलगा हसला नाही. तो हळूच म्हणाला, "अम्मी, पर्स में भी नको, बड़ी बॅग में भी नको. नाम देखो अपना. कल पेपर में आएगा."

ओसरी गप्प झाली. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. याच भीतीने एका चाचांनी दाढीचा सेट घरी ठेवला होता, एका खालाने नेलकटरसुद्धा. दुसऱ्या एका आजोबांना कुर्बानीसाठी स्वतःची सुरी न्यायची होती. तिथे कूपन घेतले की कत्तलखान्यात कुर्बानी होते, सुरीची गरजच नाही, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. "पोलीस धरतील" एवढे मात्र चार जणांनी सांगितले होते.

नियम का झाला हे मी मुलांना शिकवते तसे मोठ्यांनाही सांगते. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले आपले विमान कंदाहारला नेले गेले. त्यात एका तरुण प्रवाशाचा जीव चाकूने गेला. ११ सप्टेंबर २००१ ला मी शाळकरी मुलगी होते. अमेरिकेच्या चौकशी आयोगाचा अहवाल २००४ साली आला. त्यात नोंद आहे की हल्ल्याच्या वेळी चार इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू तिथे विमानात नेता येत असे. त्यानंतर नेलकटरकडेही संशयाने पाहणे सुरू झाले. पुढे अमेरिकेनेच डिसेंबर २००५ पासून चार इंचांच्या आतल्या पात्याची कात्री हातातल्या सामानात चालेल असे ठरवले. युरोपात ही मर्यादा सहा सेंटिमीटरची. आपल्याकडे इंच-सेंटिमीटर मोजत बसण्यापेक्षा टोकदार, धारदार काहीही हाताशी न ठेवणे बरे. मोठ्या बॅगेत मात्र सुरी, कात्री, वस्तरा नेता येतो. तो काही गुन्हा नाही.

मग कुणीतरी किरपाणचा विषय काढतोच. शीख प्रवाशाला देशांतर्गत विमानात सहा इंची पात्याची, एकूण नऊ इंचांची किरपाण अंगावर ठेवता येते. मग आपल्या कात्रीला का नाही? मला हा प्रश्न पटत नाही. किरपाण त्यांच्या धर्माचे चिन्ह आहे, ती अंगावरच असावी लागते. आपल्या केसांना कुठलीही कात्री चालते. उगाच बरोबरी कशाला?

पण मुलाची भीती खोटी होती असेही मी म्हणणार नाही. एकदा विमानतळाच्या रांगेत माझ्या पुढच्या बाईंच्या पर्समधून छोटी कात्री निघाली. ती काढून घेतली, बाई पुढे गेल्या. माझ्या पर्समध्ये धारदार काहीच नव्हते. उर्दूत लिहिलेले शाळेचे ओळखपत्र होते. "ही कसली भाषा? मदरसा आहे का?" असे मला दोनदा विचारले आणि पर्स पुन्हा यंत्रातून गेली. त्या बाईंची कात्री गेली ती नियमाने. मला विचारले ते कुठल्याच नियमात नव्हते. या दोन गोष्टी मी डोक्यात वेगवेगळ्या ठेवते. आपल्यातले काही जण दोन्ही एकत्र करतात. मग साध्या तपासणीतही अपमान दिसतो, नाहीतर जे न्यायला पूर्ण परवानगी आहे तेही आपणच घाबरून काढून टाकतो. मला दुसऱ्या प्रकाराची जास्त काळजी वाटते. त्यात आपल्याला कुणी अडवलेलेच नसते.

मुलाला मी छापील सूचना दाखवली, ओळीवर बोट ठेवून वाचायला लावली. मग आम्ही कात्री बांधली. पाती मिटवून मधोमध जाड दोरा गुंडाळला. टोकावर पुठ्ठा दुमडून चिकटपट्टी लावली, कारण तपासणीसाठी बॅग उघडणाऱ्याचा हात आत जातो, त्याला का लागावे? मग टॉवेलची घडी, आणि ती बॅगेच्या मधोमध. बाहेरच्या कप्प्यात कधीही नाही. फूफी सगळे बघत होती. तिने एकदा गाठ ओढून पाहिली आणि सैल आहे म्हणून स्वतः पुन्हा बांधली.

मक्केहून तिचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत उलट फोन केला. बॅग दुसऱ्या दिवशी मिळाली, तोवर एका नागपूरच्या बाईने आपल्या छोट्या कात्रीने हिचे केस कापून दिले होते. म्हणजे मेरठी कात्री उमऱ्याला उपयोगी पडलीच नाही. पण आता ती खोलीभर फिरत होती. कुणाचे पार्सलचे दोरे, कुणाचे बँडेज, कुणाचे लांब झालेले एहरामचे कापड. त्याच नागपूरच्या बाईच्या बुरख्याची किनार उसवली होती. फूफीला ती घालून द्यायची होती.

"फिर सी दी क्या?" मी विचारले.

"कैसे सीती?" फूफी म्हणाली, "तेरे भाई ने सुई निकाल के रख ली ना घर में."