वर्गणीदार

मासिकाच्या अंकावरचं वेष्टण अण्णा कधी फाडत नसत. खाकी कागदाची ती पट्टी ते एका बाजूने अलगद सरकवत, हाताने सपाट करत आणि दिवाणाखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवत. दुधाचा, वाण्याचा हिशेब तिच्या मागच्या बाजूला लिहिला जाई. पुढच्या बाजूला पत्त्याची चिठ्ठी असे. वर वर्गणीदार क्रमांक, खाली अण्णांचं नाव, त्याखाली ‘कारंजा (लाड), जि. अकोला’. 1998 साली वाशिम जिल्हा झाला, तरी त्या चिठ्ठीवर आम्ही पुढे कितीतरी दिवस अकोल्यातच राहत होतो. अण्णांना घरातल्या पोरांच्या जन्मतारखा आठवत नसत, पण वर्गणीदार क्रमांक तोंडपाठ होता.

लहानपणी माझी अशी समजूत होती की अंक शकुंतलेतूनच येतो आणि म्हणूनच त्याला उशीर होतो. मूर्तिजापूरहून निघून कारंजावरून यवतमाळला जाणारी ती नॅरोगेज गाडी 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. चढाला लागली की उतरून बरोबरीने चालावं, अशी तिची कीर्ती. पोस्टमनदादा अंक देताना म्हणत, “मास्तर, घ्या तुमचं बुक. या खेपी लेट झालं बा.” जणू उशीर त्यांच्याच पायांनी केला होता. अंक इथवर पोचायचा तो टपालखात्याच्या सवलतीवर. नोंदणी झालेल्या नियतकालिकाला 50 ग्रॅमपर्यंत 25 पैशांचं तिकीट वर्षानुवर्षं पुरत आलं. सदाशिव पेठेतला लेख आमच्या ओसरीवर 25 पैशांत येई, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

वर्गणी मनीऑर्डरने जायची. फॉर्म भरणं हा अण्णांचा सोहळाच असे. फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी एक बोटभर कुपन असायचं, ते रक्कम घेणाऱ्याकडे राहायचं. तेवढ्या जागेत अण्णा मुंगीच्या अक्षरात संपादकांना पत्र लिहीत. गेल्या अंकातला कोणता लेख आवडला, कुठल्या कवितेत मुद्रणदोष राहिला, आणि शेवटी क्रमांक. पंधरा दिवसांनी कार्यालयातल्या कुणाची तरी सही असलेली पोच परत यायची. ती ते भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवत. वीजबिलाच्या पावत्याही त्याच तारेला असत, पण त्या तशा टोचून ठेवण्यात प्रेम नव्हतं.

आता खरी गोष्ट. आमच्या बोळात वर्गणीदार एक आणि वाचणारे निदान पंधरा. अंक आधी अण्णा वाचत, मग शेजारच्या काकू नेत. काकूंकडून तो शिंप्याच्या दुकानात, तिथून जिनिंगमधल्या मुनीमजींकडे. महिन्याने परत येई तेव्हा कोपरे दुमडलेले, शब्दकोडं कुणीतरी पेनाने सोडवलेलं, तेही चुकीचं. आई चिडायची. “पैसे आपण भरायचे आन् वाचायचं साऱ्या गावानं!” अण्णा म्हणत, “कापसाला भाव असते, अंकाला वर्गणी असते.” आईला ते पटलं नाही. मलाही तेव्हा कळलं नाही.

शब्द बघा ना. गणपतीला वर्गणी, सप्ताहाला वर्गणी, मंदिराच्या कळसाला वर्गणी, आणि मासिकालाही वर्गणीच. हर्रासात कापूस घेणारा मोजून माल घेतो आणि भाव देतो. वर्गणी देणारा तसं काही मोजून घरी आणत नाही. गणपतीला अकरा रुपये दिले म्हणून कुणी अकरा रुपयांची आरती मागत नाही. चालतंय ते चालू राहावं आणि त्यात आपलं नाव असावं, एवढंच त्याचं म्हणणं. मासिकाला पैसे धाडताना आपल्याकडच्या माणसांनी गणपतीचाच शब्द वापरला, यात मला तरी सगळं उत्तर दिसतं.

आणि कारंजाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. इथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तीन जुनी जैन मंदिरं, आणि त्यांच्या भांडारांत पोथ्या. जुन्या जैन पोथ्यांच्या शेवटी पुष्कळदा एक मजकूर सापडतो. अमक्या सावकाराने किंवा अमक्या बाईने ज्ञानावरणीय कर्माचा क्षय व्हावा म्हणून ही प्रत लिहवून घेतली आणि अमक्या मुनींना दिली. शास्त्रदान म्हणतात त्याला. आहार, औषध, अभय यांच्या पंगतीला बसणारं चौथं दान. लेखनिकाची मजुरी देणाऱ्याला ती पोथी वाचता येतच असे असं नाही. त्याने पैसे मोजले ते दुसऱ्या कुणीतरी वाचावं म्हणून. या भांडारांकडे प्रा. हिरालाल जैन यांच्यासारख्या अभ्यासकांचं लक्ष गेलं आणि दहाव्या शतकातल्या पुष्पदंताचं अपभ्रंश काव्य छापून जगापुढे आलं. ‘जसहरचरिउ’ 1931 साली डॉ. प. ल. वैद्यांच्या संपादनाखाली ‘कारंजा जैन ग्रंथमाला’ या मालेत निघालं. या मालेला चवरे घराण्यातल्या अंबादासांचंही नाव दिलं होतं. पुष्पदंत स्वतः मान्यखेटला मंत्र्याच्या आश्रयाने लिहीत होता. म्हणजे लिहिणाऱ्याला हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पोसलं, प्रती करणाऱ्याला मधल्या काळात कुणीतरी, आणि छापणाऱ्याला कारंजाने.

अलीकडची गोष्ट हवी तर ‘किर्लोस्कर खबर’ घ्या. 1920 साली किर्लोस्करवाडीहून निघालेलं ते कारखान्याचं वार्तापत्र होतं. नांगर घेणाऱ्या गिऱ्हाइकांपर्यंत कारखान्याची खबर पोचावी, इतपतच मूळ हेतू. शंकरराव किर्लोस्करांनी त्यात गोष्टी, चित्रं, वाद आणले आणि नांगराशी काही संबंध नसलेली माणसं त्याची वाट पाहू लागली. नावातली ‘खबर’ गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ राहिलं, मग 1930 ला ‘स्त्री’ आणि 1934 ला ‘मनोहर’. जाहिरातीच्या कागदाला लोक वर्गणी भरू लागले, तेव्हाच तो जाहिरातीचा कागद राहिला नव्हता.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. अण्णांनी एका मासिकाची आजीव वर्गणी भरली होती. नाव सांगत नाही. अर्ध्या पगाराएवढी रक्कम. ‘आजीव’ म्हणजे कुणाच्या जिवापर्यंत, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. मासिक सहा वर्षांत गेलं, अण्णा पुढे बावीस वर्षं जगले. त्या पैशांची गोष्ट निघाली की आई अजूनही डोळे वटारते. अण्णा फक्त एवढंच म्हणत, “बंद पडलं, पण चांगलं होतं.” ‘सत्यकथा’ मासिक 1982 ला थांबलं, ‘माणूस’ साप्ताहिक 1986 ला. त्या दोन्ही वेळी अण्णा दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. वर्गणी संपल्याची चिठ्ठी त्यांना अनेकदा आली होती. अंकच संपल्याची ही वेगळी.

आता माझ्या फोनवर रविवारी सकाळी एक पत्र येतं. पुण्याची एक मुलगी लिहिते. दर रविवारी एक शब्द घेते आणि त्याचं गणगोत सांगते. सगळ्यांना फुकट वाचता येतं. खाली बारीक अक्षरांत असतं, जमत असेल त्यांनी वर्षाची वर्गणी द्यावी. तिनेही ‘वर्गणी’ असंच लिहिलंय, त्याला मी भुललो. एकदा तिने कापसाच्या शब्दांवर लिहिलं होतं. मी कळवलं की आमच्याकडे उभ्या पिकाला पऱ्हाटी म्हणतात आणि चुलीत घालतात त्या पऱ्हाट्या, आणि दोन्हींच्या मध्ये अख्खा हंगाम असतो. पुढच्या रविवारी तिने ते पत्रात घातलं, ‘कारंजाहून एक वाचक’ असं म्हणून. अण्णांनी आयुष्यभर कुपनावर लिहिलं, त्यांचं कधी छापून आलं नाही.

नातू म्हणाला, “आबा, फुकट येतंय ना? मग पैसे कावून देता?” त्याच्याच हाताने यूपीआयवरून पाठवले. रकमेखाली टिपणासाठी एक चौकट येते, पोरं ती रिकामीच सोडतात. त्याला म्हटलं, थांब. ‘गेल्या रविवारचा “ओसरी” आवडला’ असं त्याच्याकडून लिहून घेतलं. टाइप करताना त्याने ‘ओसरी’चा ‘सॉरी’ केला, तो दुरुस्त करायला लावला. पंधरा दिवसांच्या पोचेऐवजी तीन सेकंदांत हिरवी खूण आली. ती टोचून ठेवायला तार नाही, याची चुटपुट लागली खरी.

पत्र वाचून झालं की मी ते बोळातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. काकू आता नाहीत, त्यांचा मुलगा असतो तिथे. गेल्या रविवारी मी गुरुमंदिरात गेलो होतो, फोन घरीच राहिला. दुपारी येऊन पाहतो तर त्याचे दोन निरोप. पहिला दहाचा, “काका, आज आलं नाही का अजून?” दुसरा बाराचा, “पाठवा ना बाप्पा.”